मागच्या सीटवरचा काटा

नत्थू: नाई नाई साहेब, ते पक्कड खाली ठेवा. ह्या नळीले कापाचं नाई. हातभर उरली त उरू द्या, गुंडाळून सीटखाली बांधून देतो.

कृष्णकांत: अरे, एवढं भेंडोळं कशाला वागवायचं? तेलाच्या टाकीपासून हँडलपर्यंत लागते तेवढी ठेव, बाकीची काढून टाक. बुलेटसारखी गाडी, आणि तिच्या पोटाखाली हे तांब्याचं वेटोळं. बरं दिसतं का ते?

नत्थू: दिसाचं काय घेऊन बसले जी. कामठीच्या मिलिट्री लिलावातला मीटर हाये, ट्रकाचा. कुठी ट्रक, कुठी फटफटी. नळी लांब राहीनच ना.

सुमती: पण कापायची का नाही, नत्थूभाऊ? यांना काही लोंबतं चालत नाही. फाईलची नाडी असो की सुतळी असो, सगळं मापात कापतात.

नत्थू: बाई, ही काई वायर नोहे. आतून पोकळ हाये, बारीक केसावानी. तिच्यात दवा भरेल राहते. नळीचं हे टोक तेलात बुडून राहते. तेल तापलं का दवा फुगते अन् तिकडं मीटराचा काटा वर ढकलते. घरच्या थर्मामीटरात पारा राहते, तसंच समजा. नळी कापली का दवा गेली उडून. मंग काटा जो खाली बसला, तो बसलाच.

सुमती: इंजिन कितीही तापलं तरी?

नत्थू: चुलीत घातलं तरी.

सुमती: मागच्या मीटरची कापली होती.

नत्थू: कोन्त्या मीटरची?

सुमती: मागच्या मे महिन्यात यांनी घरीच बसवला होता ना, तो. बर्डीच्या बाजारातून आणला होता. अंगणात पाट मांडून बसले आणि सासूबाईंच्या अडकित्त्यानं नळीचा मधला तुकडा काढून टाकला. मग दोन्ही टोकं कल्हईवाल्याकडून डाग देऊन जोडून आणली. अडकित्त्याला तेव्हापासून खाच पडली आहे. सुपारी धड कातरली जात नाही.

कृष्णकांत: सुमती, तो मीटरच खोटा होता. दुकानदारानं गळ्यात मारला.

सुमती: खोटा कसा? नळी कापायच्या आधी तुम्हीच मला दाखवलं होतं. चहाच्या आधणात टोक बुडवलं आणि काटा सरसर वर चढला. माझा चहा गेला वाया, पण तुम्ही केवढे खूश झाला होता.

नत्थू: राहू द्या बाई. कधी कधी नवा मीटर बी आपोआप मरते. मी शिकाऊ होतो तवा एक नळी मीबी कापली होती. आमच्या मिस्त्रीनं पाना फेकून मारला, हा पाहा, कपाळावर वण हाये अजून. होते असं.

सुमती: तुम्ही यांना वाचवू नका, नत्थूभाऊ. मला एवढंच कळू द्या. सिलेवानीच्या घाटात काटा खाली होता, तो इंजिन थंड होतं म्हणून नव्हता.

नत्थू: आता काय सांगू. ते इंजिन मीच खोललं होतं ना. पिस्टन सिलिंडरात असा चिकटून बसला होता का ठोकून काढा लागला. थंड नव्हतंच ते.

सुमती: ऐकलंत?

कृष्णकांत: ऐकलं.

सुमती: बर्डीच्या दुकानदाराशी तुम्ही भांडून आलात. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला लबाड म्हणालात. तो बिचारा म्हणत होता, साहेब, मीटर आणून दाखवा. तुम्ही दाखवला नाही.

कृष्णकांत: दाखवणार कसा? तुला दवाखान्यात घातलेलं, गाडी सौंसरला पडलेली. मी कुठे कुठे पुरणार होतो? आणि नळी कापायची नसते हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. पेट्रोलची नळी आपण कापतोच की नाही मापात? क्लचची तार कापतो. मला वाटलं, ही पण तसलीच.

सुमती: त्याचं मला काही नाही. माहीत नव्हतं, चुकलं. तुमच्या जागी मी असते तर मीही कापली असती. पण माझी पोटरी भाजत होती, ते तर मला माहीत होतं ना? तेलाचा जळका वास येत होता. मी मागून सांगून सांगून थकले, अहो थांबवा, काहीतरी जळून राहिलं. आणि तुम्ही काय केलंत?

कृष्णकांत: आता नत्थूसमोर ते सगळं कशाला?

सुमती: तुम्ही मीटरला टिचकी मारून दाखवलीत. म्हणालात, बघ, काटा खालीच आहे, तुला उगाच भास होतात. मग चाक जाम झालं. गाडी आडवी झाली आणि मी या हातावर पडले.

नत्थू: चहा सांगू का जी? बाजूले टपरी हाये.

सुमती: वर्षभर मी तुम्हाला अवाक्षर बोलले नाही. म्हटलं, मीटरच फसवा निघाला, त्याला माणूस काय करणार. मनगट वाकडं बसलं, बोटं चालेनात. टायपिंगच्या खोलीतून मला उठवलं आणि डिस्पॅचला बसवलं. दिवसभर पाकिटांना डिंक लावते. तिथल्या बाया हळहळतात, तर उलट मीच त्यांना सांगते, आमच्या ह्यांचा काही दोष नाही हो. पण तुम्ही बोटभर काट्याचं ऐकलंत आणि माझं नाही ऐकलंत. मला राग आला आहे. आज आला नाही, तो होताच. आज फक्त कळलं की कशाचा आहे.

कृष्णकांत: मग आता मी काय करू म्हणतेस? नवा मीटर आणला. नत्थूकडून बसवून घेऊन राहिलो. नळीला हात लावत नाही. झालं?

सुमती: मीटर हँडलवर लावू नका.

कृष्णकांत: मग कुठे लावायचा? देवघरात?

सुमती: मागे. माझ्या सीटसमोर ही धरायची कडी आहे ना, हिच्यावर. नत्थूभाऊ, आणि त्याचं तोंड डावीकडे करा. साडी नेसून मी एका अंगावर बसते. मला समोरचं काही दिसत नाही, यांची पाठ दिसते आणि डावीकडची शेतं दिसतात.

नत्थू: डावीकडं तोंड केलं त साहेबाले दिसनार नाई, बाई.

सुमती: नाही दिसणार.

कृष्णकांत: चालवणार मी आणि मीटर तुझ्याकडे? असं कुठे असतं का?

सुमती: कुठे नसेल. आपल्याकडे असू द्या.

कृष्णकांत: म्हणजे मी टांगेवाला. तू मागून म्हणायचं थांब, की मी लगाम खेचायचा.

नत्थू: टांग्यात बी मागच्या सवारीलेच सांगा लागते जी, कुठी थांबाचं ते.

कृष्णकांत: तू गप रे.

सुमती: हे बघा. उद्या सकाळी पचमढीला निघायचं ठरलं आहे. दोघांच्या रजा मंजूर झाल्या, पिशव्या भरून ठेवल्या. पण मी सकाळीच तुम्हाला म्हटलं होतं, यायचं की नाही ते मी गाडी पाहून सांगेन. आता सांगते. मीटर माझ्यासमोर लागला आणि मी थांबवा म्हटल्यावर गाडी थांबणार असेल, तर मी येते. नाहीतर तुम्ही जा.

कृष्णकांत: एकटा जाऊन काय करू? घाटावरून दऱ्या बघत बसू?

सुमती: ते मला विचारू नका.

कृष्णकांत: आपल्या घरात पोर नाही, बाळ नाही. वर्षातून एकदा गाडी काढतो, आठ-दहा दिवस जातो, तेवढंच आपलं आहे. ते पण तू असं अडवून धरतेस.

सुमती: तेवढंच आहे म्हणून तर धरते. तुम्हाला वाटतं मला जायचं नाही? तामियाच्या वळणावर गार वारं लागतं ना अंगाला, त्याच्यासाठी मी वर्षभर डिंक लावते. पण मला पुन्हा तसं ओरडत बसायचं नाही, कोणी ऐकत नसताना. नत्थूभाऊ, त्या टपरीवर आधण मिळेल का?

नत्थू: मिळन ना. माहं नाव सांगा.

सुमती: मग मी घेऊन येते. नळी जशी बसवाल तशी बसवा, मग टोक आधणात बुडवून बघू. बसवायच्या आधीचं बघून उपयोग नाही, ते मागच्या वेळी पाहिलं. तोवर यांचं काय ते ठरू द्या.

कृष्णकांत: गेली का?

नत्थू: गेल्या जी. टपरीवाल्यासंग बोलून राहिल्या.

कृष्णकांत: नत्थू, ऐक. ती आली की तिला सांग, नळी मागच्या कडीपर्यंत पोचत नाही.

नत्थू: साहेब, तेलाच्या झाकणापासून कडी दोन वीत हाये. अन् नळी एवढी उरली का तुमाले फेटा बांधता येईन.

कृष्णकांत: मग सांग, मागे हादरे जास्त बसतात, मीटर टिकत नाही. तू मिस्त्री आहेस. तुझं ऐकेल ती.

नत्थू: ऐकतीन. त्याचंच त भेव वाटते मले.

कृष्णकांत: अरे, माझा विचार कर जरा. रजेवरून आल्यावर ऑफिसच्या गेटवर गाडी लावली की सगळे गोळा होतील. हा मीटर मागे कशाला, असं कोणी विचारलं तर काय सांगू? बायकोला दिसावा म्हणून?

नत्थू: हाव, तेच सांगा. दोन दिवस हासतीन. मंग दुसऱ्या कोनाले तरी हासतीन.

कृष्णकांत: तुला सोपं आहे बोलायला. तुझी बायको मीटर मागते का तुझ्याकडे?

नत्थू: माही प्रेमिला सायकलवर मागं बसते साहेब. रोज म्हनते, हळू चालवा जी. मी म्हनतो हाव. अन् चालवतो आपल्याच तालात. तिचा हात नाई मोडला अजून, म्हणून माहं चालून राहिलं. मोडला असता त मले बी काई ना काई मागं लावा लागलं असतं.

कृष्णकांत: म्हणजे तू सांगणार नाहीस.

नत्थू: मी एक करतो. तुमचं घर, तुमची गाडी. तुमी म्हना, नळी पोचत नाई. मी मान हालवून देतो. पन बोलाचं तुमीच. माह्या तोंडून ते निंघनार नाई.

कृष्णकांत: मान हलवलीस काय आणि बोललास काय, सारखंच.

नत्थू: तुमाले सारखं असन. बाई आल्या पाहा.

सुमती: हे घ्या. किटलीच दिली त्यानं, लवकर परत द्या म्हणाला. काय ठरलं? पोचते का नळी मागे?

नत्थू: साहेब सांगून राहिले.

सुमती: पोचते का हो?

कृष्णकांत: पोचते. पोचून उरते. मागे हादरे बसतील, नत्थू, खाली रबर घाल चांगलं जाडसर. आणि नुसत्या तारेनं बांधू नकोस, पट्टी लाव.

नत्थू: हाव जी. ट्यूबाचं रबर हाये, दोन घड्या घालतो. बाई, तुमी बसून दाखवा बरं. रोज बसता तशाच बसा. आता दिसते का काटा?

सुमती: अर्धाच दिसतो. अजून थोडा डावीकडे वळवा. आणि थोडा वर, माझ्याकडे बघेल असा. हं, आता बरोबर आहे. आकडे दिसतात सगळे.

नत्थू: आता टोक बुडवतो किटलीत. पाहात राहा.

सुमती: चढला. चढून राहिला. थांबला, इथे थांबला.

नत्थू: आधण उकळते तेथी बराबर थांबला. मीटर जिवंत हाये.

सुमती: काढा बाहेर. आता उतरून राहिला. उतरला. पुन्हा बुडवा.

कृष्णकांत: पुन्हा कशाला? चढला ना एकदा.

सुमती: मागच्या वेळेला एकदाच पाहिला होता. बुडवा, नत्थूभाऊ.

नत्थू: घ्या, आजून एकदा. टपरीवाला बोंबलन आता.

सुमती: चढला. बरं. आता लाल रेघ मारून द्या, इथेच, आधणाच्या खुणेवर. काटा तिथे आला की थांबायचं.

कृष्णकांत: तिथे नको. हे मात्र ऐक माझं. तेल पाण्यापेक्षा जास्त तापतं आणि तापलं तरी काम करतं. आधणाच्या खुणेवर थांबायचं म्हटलं तर मेच्या उन्हात सावनेरपर्यंतच अर्धा दिवस जाईल. आणखी वर मार रेघ. गाडीच्या पुस्तकात दिलेलं आहे, मी वाचून आलोय.

सुमती: खरं का हे, नत्थूभाऊ?

नत्थू: साहेब बराबर सांगून राहिले. थोडी वरच लागते. पुस्तकातल्यापेक्षा एक घर खाली मारू, आपल्या उन्हाचं म्हणून. पटते का जी दोघाले?

कृष्णकांत: पटतं.

सुमती: मार म्हणतात तर मारा. ते यांना जास्त कळतं. पण रेघेच्या आधीच मी थांबवा म्हटलं तर?

कृष्णकांत: रेघेच्या आधी कशाला म्हणशील?

सुमती: पोटरी भाजली तर. वास आला तर. नाहीतर नुसतंच मला वाटलं तर.

कृष्णकांत: नुसतं वाटलं तर कसं थांबणार? मग मीटर कशाला लावला?

सुमती: मीटर तुमच्यासाठी लावला. मला आधीच कळलं होतं.

कृष्णकांत: बघू.

सुमती: बघू म्हणू नका.

कृष्णकांत: अगं, बघू म्हणजे नाही असं म्हटलं का मी? घाटात, वळणावर, मागून ट्रक असताना आपण म्हटलं आणि थांबलो असं होतं का? जागा बघावी लागते.

नत्थू: साहेब, झाकन घट्ट बसवलं. टेललाइटाचा रंग होता, त्याची रेघ मारली, हात नका लावू, वली हाये. आता एक काम करा. दोघंबी बसा अन् नाक्याच्या तिकडं एक चक्कर मारून या. तेल गळते का, रबर सरकते का, सारं समजन. अन् भांडाचं असन त तिकडंच भांडून या. मले ही किटली पोचवाची हाये.

(वाडीचा नाका मागे पडला आहे. अमरावती रस्त्याच्या कडेला बुलेट उभी आहे, इंजिन बंद.)

कृष्णकांत: काय झालं? काटा रेघेवर गेला?

सुमती: नाही. रेघेच्या पुष्कळ खाली आहे.

कृष्णकांत: पोटरी भाजली?

सुमती: नाही.

कृष्णकांत: तेलाचा वास येतो? मला तर येत नाही.

सुमती: काही नाही. गाडी छान चालून राहिली आहे.

कृष्णकांत: मग? भर उन्हात उभी केलीस. तो गिट्टीचा ट्रक इतक्या वेळानं मागे टाकला होता मी. आता तो पुढे जाईल आणि पुन्हा त्याचा धूर खायचा.

सुमती: जाऊ द्या त्याला.

कृष्णकांत: काहीच नव्हतं, तर थांबवा काहून म्हणालीस?

सुमती: तुम्ही आधी थांबलात. मग विचारलंत.

कृष्णकांत: तू म्हणालीस म्हणून थांबलो.

सुमती: हो.

कृष्णकांत: म्हणजे परीक्षा घेतलीस माझी. या वयात.

सुमती: घेतली. राग आला?

कृष्णकांत: आला थोडा. पण थांबायचं की नाही याचा मी विचारच केला नाही, खरं सांगतो. तू थांबवा म्हणालीस आणि हात आपोआप क्लचवर गेला. घाटात म्हणालीस अगदी तसाच आवाज होता. वर्ष झालं, तो आवाज मला झोपेत ऐकू येतो. मग मी उठून बसतो. तुला कधी बोललो नाही.

सुमती: मला माहीत आहे. उठायच्या आधी तुम्ही झोपेत ब्रेक दाबता. माझ्या पायाला लागतं.

कृष्णकांत: मग उठवत का नाहीस मला?

सुमती: म्हटलं, दाबून घेऊ दे.

कृष्णकांत: तुझ्या हातावर नजर गेली की मी दुसरीकडे बघतो, सुमती. बर्डीच्या त्या दुकानदाराला मी लबाड म्हटलं ना, ते पण त्याच्यामुळेच. कोणाला तरी म्हणायचंच होतं. आता त्याच्याकडे जावं लागेल एकदा. काय बोलावं ते सुचत नाही.

सुमती: जाऊ. मी येते बरोबर.

कृष्णकांत: हा बघ, गेला तुझा ट्रक पुढे.

सुमती: जाऊ द्या म्हटलं ना. तोंडावर रुमाल बांधा तुम्ही.

कृष्णकांत: बांधतो. पण पचमढीचं काय ते सांगितलं नाहीस अजून.

सुमती: ऊन चढायच्या आत सौंसर गाठायचं तर उद्या पहाटेच निघावं लागेल आपल्याला.